थंडीत झोपणाऱ्यांचा हेवा

यंदा मार्गशीर्ष लागला आणि आमच्या स्वयंपाकघरातली पाल दिसेनाशी झाली. एरवी ती ओट्यावरच्या ट्यूबलाइटच्या पट्टीमागे राहते. दिवे लागले की बाहेर येते, चिलटं टिपते आणि मी भाकरी थापत असताना वरून माझ्याकडे बघत बसते. आठ-दहा दिवस तिचा पत्ता नाही म्हणून एका सकाळी मी स्टुलावर चढून पट्टीमागे डोकावले. ती तिथंच होती, भिंतीला पोट लावून. पालीला पापण्या नसतात, त्यामुळे ती झोपली आहे की जागी आहे हे डोळ्यांवरून कळत नाही. मी हळूच फुंकर मारली. तिनं शेपटीचं टोकसुद्धा हलवलं नाही.

खाली उतरले. कुकरची शिट्टी झाली, मुलीनं आतून डब्याची घाई केली, ह्यांना दीपनगरच्या वीजकेंद्रातली पहिली शिफ्ट गाठायची होती. आणि तव्यावर पोळी टाकता टाकता दर हिवाळ्यात मनात येतं ते ह्याही वेळी आलंच. हिचं बरं आहे.

जळगावचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमची थंडी मात्र आमची आम्हालाच ठाऊक. सातपुड्यावरून उतरलेलं वारं तापी ओलांडून येतं ते कानाच्या पाळ्यांना चावत येतं. पहाटेचं नळाचं पाणी हाताला झोंबतं. चौकात स्वेटरवाले बसतात, शेताशेतांतून भरताच्या वांग्यांचा भाजका वास येतो, आणि माणसं एकमेकांना सांगतात की अशी थंडी मागच्या वर्षी नव्हती. दर वर्षी सांगतात. ह्या दिवसांत सगळे खुशीत असतात. मी आतल्या आत जळत असते.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकात शीतनिद्रेवर जेमतेम दोन परिच्छेद आहेत. मी त्यांवर दोन तास घेते. पोरांना सांगते, पावसाळा सरला की बेडूक ओल्या मातीत खाली खाली सरकतो, नाकानं श्वास घेणं सोडतो, कातडीतून जेवढी हवा झिरपेल तेवढ्यावर जगतो. गोगलगाय शंखाच्या तोंडाला चिकट पडदा ओढून घेते आणि तो वाळून कडक झाला की आतून दार लावल्यासारखी निवांत होते. धामण उंदराच्या बिळात शिरते आणि महिनोन्‌महिने काही खात नाही. हे सगळं फळ्यावर लिहिताना माझ्या आवाजात काय उतरतं कुणास ठाऊक, कारण मागच्या बाकावरच्या एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला ह्यांचा राग येतो का?"

राग नव्हे. हेवा. तो मला कधी जडला, तेही मी नेमकं सांगू शकते.

पाच हिवाळ्यांपूर्वी, कार्तिकात, माझी माय गेली. माझं माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. माझ्या वडिलांची, आबांची, तिथं बहुतेक कोरडवाहू शेती, एक विहीर, थोडा गहू, थोडी दादर ज्वारी. मायचं हृदय दुबळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते की पंपाचा जोर कमी झाला आहे, जपून राहा. त्या जपून राहण्यात दोन वर्षं गेली. मी जळगावला संसारात आणि नोकरीत अडकलेली, म्हणून मायचं सगळं माझ्या धाकट्या बहिणीनं, निमानं केलं. निमा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. डी.एड. करून पारोळ्याच्या एका बालवाडीत शिकवत होती, मायसाठी तिनं ते सोडलं. लग्न झालेलं नव्हतं. मी दर रविवारी सकाळच्या धुळे गाडीनं जायची, दुपारी परतायची.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. आबा म्हणाले, निमाला थोडे दिवस घेऊन जा, इथं तिला घर खायला उठतं. आबा स्वतः यायला तयार नव्हते. गव्हाला पाणी द्यायचं होतं. मी निमाला जळगावला आणलं. तिनं बरोबर एक पिशवी आणि मायची गोधडी आणली, आमच्या आतल्या खोलीतल्या पलंगावर ती अंथरली, तिच्यातच शिरली, आणि झोपली.

चार दिवस मी काही म्हटलं नाही. थकली आहे, झोपू दे. मग आठवडा झाला. मग पंधरा दिवस. सकाळी मी पाचला उठायची, तेव्हा गोधडीचा एक उंचवटा. दुपारी कॉलेजातून आले की तोच उंचवटा, फक्त कूस बदललेली. पलंगाशेजारी ताट ठेवलं तर दोन घास खाल्लेले असायचे. अंघोळीला उठवलं तर उठायची, केस ओलेच ठेवून पुन्हा आत. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती पायांच्या बोटांवर चालत खोलीत जायची आणि आपली वह्या-पुस्तकं घेऊन तशीच बाहेर यायची. घरात सगळे हळू बोलू लागले.

आणि माणसं भेटायला येत. गावाकडची, नात्यातली, शेजारची. मी चहा ठेवायची, कपबश्या पुढे करायची, आणि ती माणसं आतल्या खोलीच्या दाराकडे बघत मला विचारायची, "निमा कशी आहे?" गावाहून आलेल्या एका काकूनं तर माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. "निमानी बहू करं मायसाठे. तिले संभाय बाई," असं म्हणाली. मी मान डोलावली. संभाळतच तर होते. काकू गेली, मी कपबश्या विसळत उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की महिनाभरात एकाही माणसानं मला विचारलेलं नाही, तू कशी आहेस.

माय माझीही गेली होती. पण मी उभी होते, आणि उभ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मी स्मशानातून आल्यावर पाणी तापवलं होतं. तेराव्याच्या स्वयंपाकाला किती पीठ लागेल ते सांगितलं होतं. पंधराव्या दिवशी वर्गात उभी राहून पेशीविभाजन शिकवलं होतं, आणि एका मुलाच्या विनोदावर हसलेही होते. तेव्हा दुःख निमाकडे गेलं. म्हणजे लोकांनी ते तिच्याकडे नेऊन दिलं, अंत्यविधीनंतर मायची गोधडी जशी कुणी न विचारता तिच्याकडे गेली, तसं.

त्या डिसेंबरात शीतनिद्रेचा धडा आला. मी शिकवत असताना एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपल्या सातपुड्यातलं अस्वलपण हिवाळाभर झोपतं का?" मुलगा पहाडाकडचाच होता, यावलच्या बाजूचा. मी म्हटलं, नाही. बर्फाच्या मुलखातली अस्वलं झोपतात. आपल्याकडे थंडीतही मुळं मिळतात, मुंग्या-वाळवी मिळते, बोरं मिळतात. खायला मिळतंय तर ते झोपेल कशाला? ते रोज उठतं आणि कामाला लागतं. "आणि मादी तर," मी म्हटलं, "ह्याच थंडीत गुहेत पिल्लं देते." मुलगा म्हणाला, "म्हणजे तिला झोपच नाही." वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. पोरांना वाटलं मॅडम चिडल्या. मला एवढंच वाटत होतं की निमा बर्फाच्या मुलखातली आणि मी इथली, हे कुणी ठरवलं?

पौषातल्या एका रविवारी मी आबांना बघायला गावी गेले. निमाला म्हटलं चल, तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. गाडीत बसले तेव्हा मनात आलं, माय गेली तरी मी रविवारीच निघाले आहे. एरंडोल मागे पडलं, कापसाची उभी वाळलेली झाडं दोन्हीकडे, त्यांच्यावर राहून गेलेली पांढरी बोंडं. पूर्वी ह्या रस्त्यावर मला उत्साह असायचा. माय उशीला टेकून, केस विंचरून, हिरव्या लुगड्यात माझी वाट बघत असायची. मी गेले की दोन-तीन तास आम्ही बोलत बसायचो. ती माझ्या मुलीची परीक्षा विचारायची, ह्यांच्या शिफ्टची चौकशी करायची, गावातली भांडणं रंगवून सांगायची. मी "तुझं कसं आहे" म्हटलं की म्हणायची, "मी बरी शे. तू आपलं घर दख." मी निश्चिंत होऊन परत यायची. अधल्यामधल्या दिवशी निमाचा फोन यायचा, मायनं आज डोळेच उघडले नाहीत, आज पाणीसुद्धा घेतलं नाही. मी तिला म्हणायची, "तू घाबरतेस फार. परवा तर चांगली बसून बोलत होती माझ्याशी."

आबा शेतावर होते. विहिरीपासून गव्हापर्यंत नवा पाइप टाकायचा होता, त्यासाठी आमचा सालदार सुकाभाऊ चर खोदत होता. मी बांधावर बसले. हात-दीड हात खोल गेल्यावर सुकाभाऊच्या फावड्यावर मातीचं एक ढेकूळ आलं. त्यानं ते फेकायला उचललं आणि थांबला. ढेकळाला पाय होते. पोटाशी ओढून घेतलेले, बोटं आत मुडपलेली. बेडूक होता. डोळे मिटलेले, अंग मातीच्याच रंगाचं, आणि घसा हलतोय की नाही हे कळायला मला वाकून बघावं लागलं. सुकाभाऊनं गंमत म्हणून त्याला उन्हात ठेवलं. थोड्या वेळानं त्याचा एक पाय सरकला.

आबा पुढे झाले. "त्याले उठाडू नको," ते म्हणाले. "आते उठना त खाई काय?" त्यांनी तो बेडूक ओंजळीत घेतला, चरापासून दूर, विहिरीच्या सावलीत हातानं खड्डा केला, त्यात त्याला ठेवला आणि वर माती सारली. थोपटली नाही, नुसती सारली. मग हात झटकून माझ्याकडे वळले. "निमा जेवस का? झोपस का?"

"झोपतेच आहे, आबा," मी म्हटलं. "दुसरं काय करते ती."

माझा आवाज त्यांना खटकला असावा. निघताना त्यांनी निमासाठी वांगी दिली, ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या, तिला आवडते म्हणून शेतातली मेथी स्वतः खुडून जुडी बांधून दिली. पिशवी जड होती. गाडीत ती मांडीवर घेऊन बसले, आणि पारोळ्यापासून जळगावपर्यंत त्या पिशवीतली प्रत्येक वस्तू मला टोचत राहिली. बेडकाला ओंजळ, निमाला मेथी. मला पिशवी.

घरी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ह्यांची ड्यूटी होती. मुलगी शेजारी गेली होती. ओट्यावर सकाळचा पसारा तसाच होता, दूध उतू जाऊन शेगडीवर वाळलं होतं. मी पिशवी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेले. उंचवटा तिथंच. मी गोधडीचं टोक धरलं आणि ओढलं. सगळी ओढली, खाली फरशीवर पडू दिली.

निमा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अंगावर मायचा जुना स्वेटर. तिनं हातानं चेहरा झाकला.

"ऊठ," मी म्हटलं. "बस झालं. माय माझीपण गेली. मला कुणी झोपू दिलं? तू इथं पडून राहायचं आणि मी तुझ्यासाठी आलेल्यांना चहा द्यायचा. तुझंच दुःख खरं, माझं काय? मी रोज उठते म्हणजे मला काही झालंच नाही का?" आणखीही बोलले. जे बोलले ते सगळं आठवतं, पण सगळं लिहायचं धैर्य नाही. एवढं सांगते की मी तिला म्हटलं, "मायनं तुला जवळ ठेवलं, आता तिच्या मागे दुःखपण तूच ठेवून घे."

निमा उठून बसली. रडली नाही. पाय खाली सोडून, पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसली. मग म्हणाली, "अक्का, मी झोपत नाही."

"मग हे काय आहे?"

"पडून असते. डोळे मिटून. दोन वर्षं मायच्या श्वासावर कान ठेवून पडले. जरा चुकला की उठायचं, बसतं करायचं, पाठ चोळायची. आता ऐकायला काही नाही, तरी कान ऐकत बसतो. तुला वाटतं मी झोपते. मला आठवत नाही मी शेवटची कधी झोपले."

मी गोधडी उचलली. तिची घडी घालायला लागले. निमा माझ्या हातांकडे बघत होती.

"आणि तू माझ्यावर जळतेस?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. "मी तुझ्यावर किती जळले आहे, तुला माहीत नाही."

"माझ्यावर कशाला?"

"रविवारची माय तुझी होती ना."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. सावकाश, मध्ये थांबत.

"शनिवारी दुपारनंतर माय बोलायची नाही. मी काही विचारलं तर हातानं थांबवायची. उद्या मोठीशी बोलायचं आहे म्हणायची. दम राखून ठेवायची ती. हलायची नाही, कूस बदलायची नाही. रविवारी सकाळी मला उठवायची. मोठी येई आज, ते हिरवं लुगडं काढ. मी तिला पुसून काढायची, वेणी घालायची, मागे तीन उश्या लावायची. गाडीचा हॉर्न फाट्यावर वाजला की ती मान सरळ करायची. तू यायचीस, ती हसायची, बोलायची. तू दाराबाहेर पडलीस, की मी तिला आडवं करायच्या आतच ती कलंडायची. सोमवारी डोळे उघडायची नाही. मंगळवारीही नाही. मी तुला फोन करायची तर तू म्हणायचीस, परवा तर चांगली होती."

मी पलंगावर बसले.

"अक्का, जी माय तुला भेटायची ती मला दोन वर्षांत एकदाही भेटली नाही. मला वाटायचं, मी मागच्या दारानं जाऊन पुढच्या दारानं यावं, पाहुण्यासारखं. म्हणजे माझ्यासाठीपण ती एकदा तशी बसेल. एक रविवार मला दे म्हणावं असं वाटायचं. पण कुणाला म्हणणार?"

शीतनिद्रेबद्दलची एक गोष्ट मी दर वर्षी शिकवते. असे पुष्कळ प्राणी हिवाळाभर सलग निपचित नसतात. मधूनच कधीतरी ते जागे होतात. गार पडलेलं अंग पुन्हा तापवतात, मंदावलेलं हृदय जोरानं चालवतात, थोडा वेळ जागतात आणि परत थंड पडतात. आठवड्यांच्या निपचितपणाला जेवढी चरबी लागत नाही, तेवढी त्या थोड्या वेळच्या जागं होण्याला लागते. साठवलेलं बहुतेक सगळं तिथंच जळतं. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येतो आणि माझे विद्यार्थी तो अचूक लिहितात. मीही लिहिला असता. दर रविवारी त्या जळण्यासमोर बसून मी गावातल्या भांडणांच्या गोष्टी ऐकत होते, आणि घरी येऊन ह्यांना सांगत होते की मायची तब्येत आता बरी दिसते.

त्या दुपारी आम्ही दोघी काही रडून गळ्यात पडलो नाही. मी उठून चहा केला. निमा ओट्याशी येऊन उभी राहिली, महिन्याभरात पहिल्यांदा, आणि तिनं शेगडीवरचं वाळलेलं दूध चमच्यानं खरवडायला घेतलं.

निमा लगेच बरी झाली नाही. अजून कितीतरी दिवस ती दुपारी पडूनच असायची. पण आता मला ते वेगळं दिसत होतं. थंडगार पडणं म्हणजे विसावा नव्हे, हेही मला ठाऊक होतंच. काही प्राणी तर त्या बधिरपणातून खरी झोप घेण्यासाठीच मधे जागे होतात. मी तिला झोपवायला लागले. दुपारी कॉलेजातून आले की तिला गच्चीवर न्यायची. पौषातलं ऊन पाठीवर घेऊन आम्ही आबांनी पाठवलेल्या तुरीच्या शेंगा सोलायचो. सोलता सोलता ती उन्हातच कलंडायची, आणि मी बाजूला बसून सांगायची, "झोप. मी ऐकते आहे." काय ऐकते आहे ते आम्ही कधी बोललो नाही. ती तासभर झोपायची. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

त्या गच्चीवर आम्ही देवाणघेवाण केली. मी तिला रविवार सांगितले. माय काय म्हणाली, कशावर हसली, कुणाची नक्कल केली. ती एकेक वाक्य दोनदा विचारून घ्यायची. "असं म्हणाली? ह्याच शब्दांत?" आणि तिनं मला बाकीचे सहा दिवस दिले. मला वाटलं होतं त्या दिवसांत नुसतं दुखणं असेल. तिनं सांगितलं, माय चिडायची. ताट लोटून द्यायची. एकदा निमानं औषधासाठी फार हट्ट केला तेव्हा म्हणाली, "जाय, तुनं तोंड नको दखाडू माले." निमा विहिरीवर जाऊन बसली, आणि परत आली तेव्हा माय तिचा हात धरून, एक शब्द न बोलता, संध्याकाळपर्यंत पडून राहिली.

ते ऐकताना पुन्हा तोच ओळखीचा हेवा आला. मला मायनं कधी असं हाकललं नाही. माझ्यासमोर ती कधी चिडली नाही, कधी ताट लोटलं नाही, कधी ओल्या अंथरुणात पडलेली मी तिला पाहिली नाही. मला ती शिवीसुद्धा हवी होती. मी शेंगा सोलत राहिले. निमानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, आता तू जळतेस." आम्ही दोघी हसलो. थोडं हसलो.

माघात निमा गावी परतली. पुढे वर्षभरानं तिला शिरपूरच्या पलीकडे, पहाडाच्या पायथ्याशी, एका आश्रमशाळेत नोकरी लागली. आता ती तिथंच राहते. सुटीत येते, तेव्हा माझ्याकडे दोन दिवस नुसती झोपते, खरीखुरी झोपते, आणि मला तिचा हेवा वाटतो. तो काही गेलेला नाही. वयाबरोबर माणसाचा स्वभाव मऊ होतो म्हणतात. माझा तेवढा झालेला नाही. पण आता मी तो हेवा तोंडानं बोलून टाकते. "तुझं बरं आहे," म्हणते. ती गोधडीतूनच म्हणते, "तुझंपण काही वाईट नाही."

यंदा त्या पालीकडे बघून स्टुलावरून उतरले, तो दिवस बुधवार होता. ह्यांना डबा दिला, मुलीला दिला, आणि कॉलेजात फोन करून किरकोळ रजा टाकली. का टाकली हे मलाही नीट सांगता आलं नसतं. नऊच्या धुळे गाडीत बसले. आबांना कळवलं नाही.

आबा आता एकटे असतात. शेत सुकाभाऊ बघतो. मी रविवारी जाते तेव्हा ते पांढऱ्या धुतलेल्या सदऱ्यात, दाढी करून, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात. विचारलं की म्हणतात, सगळं ठीक आहे. माझ्या मुलीची परीक्षा विचारतात.

बुधवारी दार लोटलेलं होतं. ढकलून आत गेले. आबा खाटेवर कुशीवर पडले होते, कोपरावर फाटलेल्या स्वेटरमध्ये. चार-पाच दिवसांची पांढरी दाढी. खाटेखाली ताटलीत अर्धी भाकरी वाळत होती, शेजारी औषधाची पट्टी, तिच्यातल्या गोळ्या मी मागच्या आठवड्यात आणल्या तशाच होत्या. ओल्या विजारीचा एक कुबट वास खोलीत भरला होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी वाकून छातीकडे बघितलं. हलत होती, सावकाश.

मी चपला काढल्या आणि खाटेच्या कडेला बसले. त्यांना जाग आली. आधी ओळखलं नाही, मग दचकले, उठायला गेले, स्वेटर खाली ओढायला लागले.

"आज कशी उनी? काय व्हयनं?"

"काही नाही, आबा. आले."

त्यांनी गालावरून हात फिरवला, खुंट हाताला लागले, आणि ते माझ्याकडे न बघता, चोरी सापडल्यासारखे म्हणाले, "सांगीसन येती त दाढी तरी करी लेतू मी."

"म्हनीसनच नही सांगं," मी म्हटलं, आणि त्यांचे पाय उचलून पुन्हा खाटेवर ठेवले.